आपाच्या खोलीतली पाहुणी

आपाच्या समोर राहणाऱ्या मुकादमांचा फोन आला तेव्हा मी वेल्ह्याला रेशनच्या रांगेत उभी होते. माझ्या पुढं तीन बाया होत्या आणि मशीन अंगठा घेत नव्हतं. दुकानदार एकेकीला हात धुऊन यायला सांगत होता. भाकऱ्या थापून माझ्या बोटांवरच्या रेघा पुसत आल्यात, त्यामुळं माझा अंगठा लागायला नेहमीच वेळ लागतो. मी हात पदराला पुसत होते तेवढ्यात फोन वाजला. मुकादम म्हणाले, "पाहुणी, कुठं हाये?" मी म्हटलं, "येल्ह्याला. रेशनला आलीया." ते म्हणाले, "या मग. आपा गेली."

पुढचं मी कोणाला सांगितलेलं नाही. मी रांग सोडली नाही. फोन पिशवीत ठेवला आणि तिथंच उभी राहिले. पुढच्या तिघींचं झालं, माझा नंबर आला, चौथ्या वेळेला अंगठा लागला, पावती निघाली. ती पावती हातात आल्यावर माझ्या ध्यानात आलं की आता हिचा काही उपयोग नाही. मी वेल्ह्याला राहते हे दाखवायला मी दर महिन्याला तो अंगठा देत होते, आणि जिच्यासाठी देत होते ती सकाळी गेली होती. धान्य तिथंच ठेवून मी स्टँडकडं पळाले.

वेल्ह्याहून भोरला जायचं तर हायवेला यावं लागतं आणि कापूरहोळला गाडी बदलावी लागते. कापूरहोळला भोरची गाडी लवकर आली नाही. एका टायरच्या दुकानाच्या सावलीला थांबले होते. शेजारी एक बाई होती, तिनं विचारलं, "कुठं निघाला?" म्हटलं, "मयतीला." "कोण लागत होतं?" मला काही सांगता आलं नाही. तिला वाटलं मला रडू येतंय, म्हणून ती गप्प बसली. पण मी शब्द शोधत होते.

पोचले तेव्हा आपाच्या भाच्याच्या घरी माणसं जमली होती. बायकांनी तिला आंघोळ घातली होती, पांढरा कपडा गुंडाळला होता, कापराचा वास येत होता. एका म्हाताऱ्या बाईनं मला दारातच विचारलं, "तुमी कोण मयताच्या?" मी बोलायच्या आत भाच्याची बायको म्हणाली, "आपांच्या वळखीच्या हायेत, येल्ह्याच्या. येऊनजाऊन असत्यात." ती मला लग्न होऊन आल्यापासून ओळखते. तिच्या दोन्ही बाळंतपणांत मी तिच्या डोक्याला तेल चोळलंय. तिनं मुद्दाम केलं नाही. आमच्या सगळ्यांच्याच तोंडात तेवढंच उत्तर बसलंय. मला तोंड दाखवलं. आपाचे ओठ जरा उघडे होते, कोणाला तरी टाकून बोलायच्या आधी असायचे तसे. मग पुरुष घेऊन गेले. मी संध्याकाळच्या गाडीनं वेल्ह्याला परत आले, कारण पाहुणी होते.

आता चाळीसावा दिवसही होऊन गेला. मी चौथी शिकलेली बाई. पत्रं सोडली तर कधी काही लिहिलेलं नाही, आणि चारचौघांत बोलायचं म्हटलं तर माझी मान खाली जाते. पण आपाचं जे कागदावर लिहिलंय ते मोठमोठ्या शिकलेल्या माणसांनी लिहिलंय, तीन कोर्टांचे शिक्के त्याच्यावर आहेत, आणि त्यात एक गोष्ट खरी नाही. ती मी सांगितलेली आहे. म्हणून ह्या वहीत तरी जसं होतं तसं लिहिते.

आपाचं नाव हमिदा. पालिकेच्या जुन्या प्रसूतिगृहात ती आया होती. माझं सासर भोरजवळचं, भाटघरच्या अंगाला. पहिल्या खेपेला मला तिथं आणलं, मुलगी झाली, ती सव्वा दिवस जगली. नवरा आणि सासू आले, तोंड बघून गेले, परत आले नाहीत. तीन दिवस मी दाराकडं बघत खाटेवर बसून होते. चौथ्या दिवशी खाट दुसरीला द्यायची होती. आपा आली, माझी पिशवी उचलली आणि म्हणाली, "चल गं. हितं बसून दार काय हालनार न्हाई. माझ्या खोलीत बसून बघ, थितनं पन रस्ता दिसतो." मी म्हटलं, "दोन दिसांत भाऊ न्यायला यील." ती म्हणाली, "यील की. तवर दोन दिस ऱ्हा." भाऊ आला, बसला, चहा प्याला आणि वेल्ह्याच्या घरात जागा किती कमी आहे ते सांगून गेला. दोन दिवसांची तीस वर्षं झाली.

खोली प्रसूतिगृहाच्या मागं होती. एक खिडकी, एक मोरी, बाहेर ओटा. आपाच्या वडिलांनी दवाखान्याच्या रस्त्यासाठी आपल्या वाड्यालगतची जमिनीची पट्टी दिली होती, म्हणून त्यावेळच्या पालिकेनं ठराव करून ती खोली आपाला हयातभर राहायला दिली. नवऱ्यानं तलाक दिल्यावर तिचं काय, ही तिच्या वडिलांना काळजी. ते जाताना तिला सांगून गेले, "खोली तुझी हाये बेटा, पन तुज्या एकटीची. दुसरं कोनी ठिवलंस तर जाईल." हे वाक्य आपानं गाठीला बांधलं होतं. ठरावाचा कागद कुराणाच्या कपड्यात, वरच्या फळीवर. त्या फळीला मी तीस वर्षांत हात लावला नाही. मी बुद्धाची, मला तिनं कधी लावू नको असं म्हटलं नव्हतं, उलट म्हणायची, "धूळ बसलीय, पूस की." पण मला धाक वाटायचा. आणि आपाला अरबी वाचता यायचं, मराठी वाचता येत नव्हतं. म्हणजे ज्या एका कागदावर आमचं राहणं अवलंबून होतं तो मला वाचता येत होता आणि तिच्या हातात होता, तरी आम्ही दोघींनी मिळून तो कधी उघडला नाही.

मी एका खाणावळीत भाकऱ्या करायला जायची, ती दवाखान्यात. संध्याकाळी ओट्यावर बसून तांदूळ निवडायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला नावं ठेवायची, हे काम तिचं. मी नुसती हसायची. कोणी नवी सून पोट घेऊन चाललेली दिसली की ती लांबूनच सांगायची, "सातवा. पोरगी हाये. नाकावरनं सांगते." मी म्हणायची, "आपा, सरकारनं बंदी घातलीय त्याला." "मशीनला घातलीय. माज्या डोळ्याला घालून दाखव म्हनावं." तिचं निम्मं तरी चुकायचं. चुकलं की म्हणायची, पोरगं आईवर गेलंय.

प्रसूतिगृह बंद झालं, आपा रिटायर झाली, मग पालिकेला ती मागची जागा मोकळी करून हवी होती. नोटीस आली. समोर राहणाऱ्या मुकादमांनी ती ओट्यावर बसून वाचून दाखवली. ठरावाची अट मोडून खोलीत एका स्त्रीला ठेवले असल्याने खोली परत घेण्यात येत आहे. ती स्त्री म्हणजे मी. आपा म्हणाली, "आवं, ही बाई न्हाई, सुमन हाये." मुकादम म्हणाले, "कागदात बाईच हाये, आपा."

पालिकेचं खरं होतं हे मला आजही कबूल करायला पाहिजे. मी तिथं राहतच होते.

वकीलसाहेबांकडं गेलो. ते चांगले होते, फीसाठी कधी अडवून धरलं नाही. त्यांनी चष्मा वर करून विचारलं, "ही बाई तुमच्याकडं राहते का?" त्यांनी मला विचारलं असतं तर मी काय म्हटलं असतं कोण जाणे. पण विचारलं आपाला, आणि वडिलांचं वाक्य तिच्या गळ्याशी आलेलं होतं. ती एका दमात म्हणाली, "न्हाई. येल्ह्याची हाये. येती-जाती." वकिलांनी माझ्याकडं बघितलं. मी खाली बघितलं. "रेशनकार्ड कुठलं?" ते खरंच वेल्ह्याचं होतं, भावाच्या घरचं, कधी बदलून घेतलं नव्हतं. वकील म्हणाले, "मग काम सोपं आहे. हिलाच साक्षीला आणू."

भोरच्या कोर्टात माझी साक्ष झाली. पिंजऱ्याला धरून उभी होते. शपथ घेताना आवाजच बाहेर पडेना. जज्जसाहेब म्हणाले, "बाई, मोठ्यानं बोला, मला लिहून घ्यायचंय." पालिकेच्या वकिलांनी विचारलं, "कुठं राहता?"

"येल्ह्याला."

"हमिदाबींच्या खोलीत काय करता?"

"पाहुणी म्हणून येते."

"कधी येता?"

"सणासुदीला."

"कुणाच्या सणाला? त्यांच्या की तुमच्या?"

मी म्हटलं, "दोन्हीच्या." कोर्टातली माणसं हसली. जज्जसाहेबही जरा हसले आणि त्यांनी लिहून घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा मी चारचौघांत मोठ्यानं बोलले, ते हे बोलले.

पालिकेनं मुकादमांनाही साक्षीला बोलावलं होतं. ते पालिकेचेच नोकर, आमच्या समोर दार. त्यांना विचारलं, ही बाई रोज तिथं दिसते का? ते म्हणाले, "साहेब, मी पाटं पाचला झाडायला भाईर पडतो, तवा सगळ्यांची दारं लावल्याली. दुपारी येतो, जेवतो, झोपतो. मला काय म्हाईत?" त्या संध्याकाळी मी ओट्यावर लसूण सोलत होते. मुकादम घरी आले, सायकल लावली, माझ्यासमोर उभे राहिले आणि तोंड गंभीर करून म्हणाले, "काय पाहुणी, कवा आला?" आपा एवढी हसली की तिला ठसका लागला. तेव्हापासून अख्खी आळी मला पाहुणी म्हणायला लागली. मुकादम तर रोज सकाळी विचारायचे. "पाहुणी, कवा आला? मुक्काम हाये का?" आधी हसू यायचं. मग यायचं बंद झालं, पण ते विचारायचे थांबले नाहीत, आणि मीही "कालच" असं म्हणायची थांबले नाही.

आम्ही जिंकलो. पालिका पुण्याला अपिलात गेली. तिथं बरीच वर्षं गेली, तारखा पडत राहिल्या. शेवटी अपील फेटाळलं. वकीलसाहेबांनी निकालाची नक्कल दिली, आपा म्हणाली, "सुमे, वाच. माजं नाव कसं लिवलंय ते बघू." मी रोज थोडं थोडं वाचायची. कोर्टाची भाषा अवघड, एका वाक्याला पान पुरायचं नाही. चौथ्या का पाचव्या दिवशी ठराव आला. कोर्टानं तो जसाच्या तसा उतरवला होता. मी वाचलं, मग बोट ठेवून परत वाचलं. "सदर खोलीत भाडेकरू अगर पोटभाडेकरू ठेवू नये." तेवढंच. एकटीनं राहावं असं त्यात कुठंच नव्हतं.

मी आपाला म्हटलं, "आपा, हितं भाडेकरू म्हटलंय."

"मग?"

"मी भाडं देत नव्हते."

"तू कशाचं भाडं देतीस? पीठ आनतीस तेबी मोजून." मग ती थांबली. वरच्या फळीकडं बघितलं. उठली, हात धुतले, तोंड धुतलं, स्टुलावर चढून कपडा सोडला आणि आतला कागद माझ्या हातात दिला. तो पिवळा पडला होता, घडीवर फाटत होता. मी वाचलं. तेच शब्द. ती म्हणाली, "अब्बा एकटीची म्हनले व्हते." मी म्हटलं, "व्हय." "त्यांना भाडेकरू म्हनायचं आसंल..." मोरीत नळ गळत होता तो मी जाऊन बंद केला.

दुसऱ्याच दिवशी वकिलांकडं. आपानं सगळं सांगून टाकलं. ही माझ्याकडंच राहते, पहिल्यापासून राहते, आता तसं लिहून घ्या. वकीलसाहेबांनी उठून दार लावून घेतलं. म्हणाले, "आपा, मी हे ऐकलं नाही."

"मग परत सांगते."

"नको. अहो, तुम्ही जिंकलात."

"व्हय, पन चुकीचं जिंकलो ना. बदलून घ्या."

"जिंकलेला निकाल कोण बदलून घेतं? अपील हरलेल्यानं करायचं असतं. पालिका हरली, ती वर जाईल, जाऊ दे. तुम्ही जाऊन काय म्हणणार? आम्ही शपथेवर खोटं सांगितलं, आता खरं ऐका?"

"व्हय."

"मग निकाल फसवून मिळवला असं होतं. एवढ्या एका गोष्टीनं सगळं मोडतं. खोली जाईल, आणि हिच्यावर खटला होईल." त्यांनी माझ्याकडं बोट केलं. मी पदर तोंडाला लावला.

आपानं विचारलं, "तवाच खरं सांगितलं आसतं तर?"

वकीलसाहेब चष्मा पुसत राहिले. म्हणाले, "तेव्हा सांगितलं असतंत तर चाललं असतं. सोबतीला बाई ठेवली, भाडं घेतलं नाही, एवढंच तर दाखवायचं होतं." मग माझ्याकडं बघून म्हणाले, "इथून पुढं ही पाहुणीच. दाराशी चपलांचे दोन जोड दिसले, दोरीवर दोन लुगडी दिसली, तर कोणीही अर्ज करेल. सांभाळून राहा."

पालिका मुंबईच्या कोर्टात गेली, तिथं अपील उभंच राहिलं नाही. दोन कोर्टांनी मान्य केलेली गोष्ट आम्ही उकरत नाही, असं तिथं म्हणाले. वकिलांचा फोन आला, "आता कायमचं झालं, आपा. ह्याच्यापुढं कोणी काही करू शकत नाही." आपा म्हणाली, "आमीबी?" ते म्हणाले, "तुम्हीही." त्या दिवशी मुकादमांनी पेढे मागितले. आपानं दुकानातून आणून दिले, पण स्वतः तोंडात घातला नाही.

मग आम्ही निकालाप्रमाणं राहायला लागलो. माझ्या चपला आत, मोरीपाशी. माझं लुगडं आतच, दोन खिळ्यांना दोरी बांधून, पावसाळ्यात ते तीन तीन दिवस ओलं राहायचं. दुसरं ताट, दुसरा पेला आपानं भाच्याकडं देऊन टाकला, आम्ही एका ताटात जेवायला लागलो. ओट्यावर बसणं बंद झालं. खिडकी लावून घ्यायची सवय लागली. कोणी दार वाजवलं तर मी मोरीत जायची. पालिकेचं माणूस मुद्दाम बघायला आलं असं मला तरी आठवत नाही. त्यांचं प्रकरण संपलं होतं. आमचं संपलं नव्हतं. आपा आधी बाहेर बसून अख्ख्या आळीला टाकून बोलणारी बाई, ती आत बसून मला एकटीला बोलायची, आणि मग तेही कमी झालं. एकदा म्हणाली, "सुमे, पालिका जिंकली आसती तर एकदाच खोली गेली आसती. दोगी कुठंतरी पत्र्याखाली ऱ्हायलो आसतो, पन ओट्यावर बसून." मी म्हटलं, "आपा, मी जाते येल्ह्याला. खरंच जाते. मग खोटं ऱ्हानार न्हाई." ती म्हणाली, "जा. आन् हितं रोज कुणाला नावं ठिवू? मुकादमाला? त्याचं पुरत न्हाई." मी गेले नाही. मला जायचं नव्हतंच.

दर महिन्याला मात्र जायची, अंगठ्यासाठी. त्या दिवशी आपा म्हणायची, "चालली साक्षीदार." आणि एक वाक्य ठरलेलं, "सुमे, मरशील तेबी येल्ह्यालाच जाऊन मर बाई. हितं मेलीस तर कोर्टाचा अपमान हुईल."

गेल्या वर्षी तिला दम लागायला लागला. दवाखान्यात भरती केलं तेव्हा फॉर्म मला भरायला दिला. रुग्णाशी नातं, अशी रेघ होती. मी पेन धरून उभी. नर्सबाई म्हणाल्या, "मावशी, लिहा ना, मागं माणसं आहेत." मी 'ओळखीच्या' असं लिहिलं. आपा खाटेवरनं बघत होती. म्हणाली, "काय लिवलंस?" मी वाचून दाखवलं. "एवढीच व्हय गं?" "मग काय लिवू, आपा?" ती विचार करत राहिली. डोळे मिटले, मला वाटलं झोपली. मग म्हणाली, "मलाबी सुचंना. ऱ्हाऊ दे तसंच." तीस वर्षांत आम्ही एकमेकींची कोण ते कधी ठरवलं नव्हतं, गरज पडली नव्हती. गरज पडली तेव्हा कोर्टानं ठरवून टाकलेलं होतं.

शेवटच्या वेळी निघाले तेव्हा तिला बरं वाटत नव्हतं. म्हणाली, "ह्या महिन्याला नको जाऊ." मी म्हटलं, "गेल्या महिन्याला चुकलाय. कार्डावरनं नाव उडलं तर?" मी थांबावं असं तिला वाटत होतं आणि मला ती जुनी भीती होती, नाव उडेल, कोणी विचारेल, खोली जाईल, आजारी बाईला घेऊन मी कुठं जाऊ. ती म्हणाली, "जा मग. येताना आंबेमोहोर आन दोन किलो. हितल्याला वास न्हाई ऱ्हायला." मी चपला हातात घेतल्या, दार उघडून रस्ता बघितला, कोणी नव्हतं, बाहेर येऊन घातल्या. मागं वळून बघितलं नाही. दारात उभी राहिले असते तर कोणी बघितलं असतं.

खोली तिच्या हयातीपुरती होती, त्यामुळं ती पालिकेकडं जाणार हे ठरलेलंच. त्यात कोणाचं काही चुकलं नाही. गेल्या आठवड्यात मुकादमांचा फोन आला. "पाहुणी, पंचनामा हाये. खोली ताब्यात घेनार हायेत. तुमचं काय आसंल तर या." मी गेले. भाचा होता, मुकादम पंच होते, आणखी एक शेजारी पंच. पालिकेचे कारकून आले होते, पोक्त माणूस, बोलायला मऊ. त्यांनी लिहायला सुरुवात केली. मोठ्यानं म्हणत लिहीत होते. "सदर खोलीत मयत एकट्या राहत होत्या." तिथं थांबून त्यांनी आमच्याकडं बघितलं.

मी बोलणार होते. खरंच बोलणार होते. कापूरहोळपासून गाडीत मनाशी म्हणत आले होते, मी हितंच ऱ्हात होते, लिवून घ्या. आता खोली जायचीच होती, आपा गेलेली होती, मला कशाची भीती? तोंड उघडलं तर मुकादम माझ्याकडं न बघता म्हणाले, "लिवा, लिवा. एकट्याच." आणि कारकूनही हळूच म्हणाले, "निकालात जे आहे तेच मला लिहावं लागतं, मावशी. त्याच्याविरुद्ध मला पंचनामा करता येत नाही. आणि तुम्हालाही बरं नाही ते." त्यांना माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं. सगळे मला वाचवत होते, आणि त्या वाचवण्यातून बाहेर पडायला मला वाट नव्हती. मी भिंतीला टेकून उभी राहिले.

मग सामानाची यादी. कारकून एकेक वस्तू बघून बोलायचे आणि लिहायचे. पत्र्याची पेटी, एक. स्टोव्ह, एक. ताट, एक. पेला, एक. आमचं सगळं एकेक होतं, आम्हीच तसं केलं होतं. भाच्यानं कुराण आधीच नेलं होतं, फळी रिकामी होती. खाटेवरची गोधडी त्यांनी उचलली. खाली उशा होत्या. कारकुनांचा हात तिथं थांबला. एका उशीवर आपाच्या डोक्याच्या तेलाचा डाग होता. दुसरी तिच्याच जुन्या साडीची, मी शिवलेली, माझ्या डोक्यानं मधोमध खड्डा पडलेली. एवढी वर्षं आम्ही चपला लपवल्या, लुगडी लपवली, ताट देऊन टाकलं, आणि ह्या कधी ध्यानातच आल्या नव्हत्या.

मुकादम बाहेर बघायला लागले. कारकुनांनी पेन कागदावरून उचललं आणि अगदी हळू, मला एकटीलाच ऐकू जाईल असं म्हणाले, "मावशी, ह्यातली एक तुमची असेल तर पिशवीत घाला. मी एकच लिहितो."

चांगुलपणानंच म्हणाले ते. मी उशीला हातही लावला होता. तिच्यात आपाच्या साडीचा वास होता, आणि वेल्ह्याला मी पिशवी डोक्याखाली घेऊन झोपते. घेतली असती तर आज ती इथं माझ्याजवळ असती.

मी हात काढून घेतला. म्हटलं, "न्हाई. दोन लिवा."

"मावशी..."

"दोन हायेत. दोन लिवा."

माझा आवाज मोठा होता. मुकादमांनी वळून बघितलं. कारकुनांनी माझ्याकडं बघितलं, मग कागदाकडं, आणि लिहिलं. सगळं झाल्यावर नियमाप्रमाणं त्यांनी पंचांपुढं पहिल्यापासून वाचून दाखवलं. पेटी एक, स्टोव्ह एक, ताट एक, पेला एक, गोधडी एक, उशा, जुन्या, वापरातल्या, दोन. कोणाची काही हरकत आहे का, असं त्यांनी विचारलं.

कोणी हरकत घेतली नाही.